तो तक्ता खाली उतरव

काहून रे, प्रदर्शनात पहिला नंबर आला म्हणून पाय जमिनीवर नाहीत का? परीक्षक रंगांवर भाळले असतील. मी नाही भाळणार. तो तक्ता खाली उतरव आणि तू काढलेला तो साग माझ्यासमोर धर. खोडावर ‘भ्रूणीय मूलपेशी’, फांद्यांवर मेंदू, हृदय, कातडी, आणि बुंध्याशी गळून पडलेल्या पानांवर जनुकांची नावं. वर टीप काय, तर ‘पेशीला नको असलेली जनुकं गळून जातात’! आपल्या मेळघाटातल्या सेमाडोहचा साग उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडाबोडका होतो, म्हणून पेशीतही तसंच होत असेल, असं ठरवून मोकळा झालास?

एकोणिसाव्या शतकात वाइसमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं असाच तर्क केला होता. त्याला माफ आहे, तपासायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. तुझ्या दप्तरात बारावीचं पुस्तक होतं. जॉन गर्डन या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक अतिनील किरणांनी निकामी केलं आणि त्या जागी बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक घातलं. सगळी अंडी नाही जगली, पण काहींतून धडधाकट बेडूकमासे झाले. हे १९६२ सालचं. आतड्याच्या पेशीनं डोळ्यांची जनुकं टाकून दिली होती, तर त्या बेडूकमाशांना डोळे कुठून आले? बोल ना!

हसू नकोस. गर्डन शाळेत जीवशास्त्रात शेवटून पहिले होते, हे तुम्हा पोट्ट्यांना बरोबर पाठ असतं. २०१२ चं नोबेल त्यांना त्यासाठी नाही मिळालं.

आणि मागच्या बाकावरून लाल रक्तपेशीचं नाव आलं, ते मी ऐकलं. हो, ती केंद्रकच टाकून देते. काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडं बनवण्यासाठी आपल्या डीएनएचे तुकडे कापून जोडतातही. हे अपवाद आहेत, त्यांच्या आड लपू नका.

आता नीट ऐक. जनुक जागच्या जागीच राहतं, फक्त वाचलं जात नाही. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असली की तिथलं जनुक मुकं. कुठं घट्ट, कुठं सैल, हे रासायनिक खुणांवर ठरतं: डीएनएवर चिकटलेले मिथाइल गट, आणि हिस्टोनच्या शेपट्यांवरच्या खुणा. मूलपेशीत गंमत अशी, की पुढं लागणाऱ्या बऱ्याच जनुकांवर ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोन्ही खुणा एकाच वेळी असतात. ‘बंद’ची खूण पॉलिकोंब प्रथिनं लावतात. पेशीनं चेतापेशीची वाट धरली, की त्या वाटेच्या जनुकांवरची ‘बंद’ खूण निघते, आणि मूलपेशीपण टिकवणारं ऑक्ट-४ हे जनुक गप्प होतं. गप्प होतं, नष्ट होत नाही. म्हणूनच २००६ मध्ये यामानाका या शास्त्रज्ञांना उंदराच्या कातडीतल्या पेशी चार जनुकांच्या जोरावर पुन्हा मूलपेशींसारख्या करता आल्या.

हे सगळं परदेशातलं वाटतं? मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटानं मानवी भ्रूणीय मूलपेशींचे ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ असे दोन वाण तयार केले. त्या पेशी स्वादुपिंडाच्या वाटेला लावताना हीच पॉलिकोंब प्रथिनं कशी बदलतात, तेही तिथं तपासलं गेलं.

पण माझा खरा राग तुझ्या शेवटच्या ओळीवर आहे. ‘कुपोषण आता मेळघाटच्या जनुकांतच उतरलं आहे.’ लाज वाटली नाही लिहिताना? बाहेरून गाडीतून येणारे पाहुणे असं बोलून सिपना नदीचे फोटो काढून निघून जातात. तू इथला आहेस! असं म्हटलं, की कोणाला काही करायलाच नको.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात गर्भात आलेल्या माणसांच्या आयजीएफ-२ जनुकावर साठ वर्षांनंतरही मिथाइल खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी सापडल्या. तू एवढंच वाचलंस आणि पुस्तक मिटलंस. पुढं वाचायचं होतं. उपासमार ज्यांच्या वाट्याला गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत आली, त्यांच्यात तो फरक नव्हता. आणि खूण बदलली म्हणजे जनुकाची अक्षरं बदलली नाहीत. खूण सापडली म्हणजे आजाराचं कारण सापडलं, असंही नाही. बहुतेक मिथाइल खुणा तर भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांतच पुसल्या जातात आणि गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्यानं लागतात. बापजाद्यांची भूक जशीच्या तशी नातवात उतरते, हे तुझ्या मनचं.

या खुणांसाठी नाजूक काळ तो आहे, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधीचा. सरकारच्या अमृत आहार योजनेचं ताट मिळतं ते गरोदरपणाची नोंद झाल्यावर. मग त्याआधी, पेरणीच्या धांदलीत, तिच्या ताटात काय असतं? हे तक्त्यावर यायला हवं होतं. उद्या अंगणवाडीत जा, ताईंना विचार, आणि त्यांच्या हातात काम असेल तर गुमान बाहेर बसून राहा.