शंभरपैकी किती?

मागच्या वर्षी कामानिमित्त तीन महिने झुरिकला होतो. परतायच्या आठवड्यात तिथल्या एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर बाल्कनीत त्याने माझ्यासमोर एक बारीक, लांब सिगार ठेवला. सोबत कागद आणि पेन. कागदावर चार रकाने: रूप, ओढ, जळण, चव. प्रत्येकाला 25 मार्क. सिगारवरची ब्रँडची पट्टी त्याने आधीच काढून टाकली होती. नाव दिसलं की जीभ खोटं बोलायला लागते, असं त्याचं म्हणणं.

मी सिगारेटसुद्धा ओढत नाही. पण मार्क द्यायचे म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

या आकाराला लान्सेरो म्हणतात. लांबी 192 मिलिमीटर, जाडी 38 रिंग गेज. एक रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी साधारण 15 मिलिमीटर. सिगार बारीक केला की आतला भरणा वर्गाच्या प्रमाणात घटतो, वरचं पान मात्र सरळ प्रमाणात. म्हणून बारीक सिगारमध्ये वरच्या पानाची चव जास्त लागते. वळायलाही तो अवघड. भरणा जरा घट्ट झाला तर धूर येत नाही, सैल झाला तर भराभर जळतो. ओढणाऱ्याने घाई केली तर तापून कडू होतो. मिनिटाला एखादाच झुरका, तोही तोंडातच ठेवायचा.

आधी ओल्या लाकडाचा वास आला, मग भाजलेल्या शेंगांच्या टरफलांचा, मग काहीतरी काकवीसारखं गोडसर. खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. फोन न बघता एका गोष्टीकडे इतका वेळ लक्ष देऊन मी शेवटचा कधी बसलो होतो? रूपाचे मार्क दिले, जळणाचे दिले. ओढीच्या रकान्यापाशी आलो आणि आजी आठवली.

आजी संगमनेरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली तेंदूची पानं. तिने जन्मात एक विडी ओढली नाही, पण बोटांत धरल्याबरोबर घट्ट झाली की सैल, हे तिला कळायचं. संध्याकाळी विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला तपासणारा त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही. म्हणजे मार्क तिलाही रोज मिळत होते. तिचा खोकला तंबाखूच्या धुळीचा की वयाचा, हे मात्र कुणी तपासलं नाही.

सहकाऱ्याने तेवढ्यात पट्टी दाखवली. कोहिबा. हवानाच्या एल लागितो कारखान्यात 1960च्या दशकात हे सिगार वळायला सुरुवात झाली तेव्हा वळणाऱ्या बायकाच होत्या. ते परदेशी पाहुण्यांना भेट म्हणून जायचे. खुल्या बाजारात यायला 1982 उजाडलं.

पट्टी काढली की पूर्वग्रह जातो, हे खरं. पण पट्टीबरोबर त्या बायकाही जातात. मी ऑफिसात हेच करतो. सिस्टीम चांगली की वाईट हे ठरवायला चार आकडे निवडतो, आणि जो आकडा डॅशबोर्डवर नाही त्याची काळजी करायला कुणी उरत नाही.

मग पाचवा रकाना काढावा का? मी मनात काढून पाहिला. चवीचे 22, आजीच्या खोकल्याचे उणे किती? ही बेरीज होत नाही. धूर छातीत न घेताही सिगारमुळे तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चव चांगली असल्याने तो कमी होत नाही, आणि धोका आहे म्हणून चव वाईट ठरत नाही.

दुसरं उत्तर सोपं आहे: घातक वस्तूला चांगलं म्हणूच नये. मी बरेच दिवस तसंच मानत होतो. पण मग आजीच्या बोटांचं काय करायचं? तिने चाळीस वर्षं जे कसब कमावलं, ते वस्तू वाईट म्हणून शून्य? तिला दुसरं काम मिळालं असतं तर तेच कसब तिथे लागलं असतं. ते मिळालं नाही, हा दोष तिच्या हातांचा नाही.

आता मला एवढंच वाटतं, की ‘हे उत्तम वळलंय’ आणि ‘हे वळावं लागायला नको होतं’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. दोन्ही म्हणायची, पण एकमेकांतून वजा करायची नाहीत. वजाबाकी केली की आपल्याला हवं तेच उत्तर येतं. ओढायचं असेल तर चव जिंकते, नसेल तर तत्त्व जिंकतं. वळणारी बाई दोन्हीकडून सुटते.

अर्धा सिगार मी राखदाणीवर ठेवून दिला. सिगार चुरडून विझवत नाहीत, ठेवला की आपोआप विझतो. ओढीच्या रकान्यात 25 पैकी 25 लिहिले.

‘एकूण किती?’ सहकाऱ्याने विचारलं.

ती जागा मी कोरी ठेवली होती. का ते सांगायला आजीपासून सुरुवात करावी लागली. त्याने दिवा लावला आणि खुर्ची जवळ ओढली.