आजचे चिंतन : समाधान कोणाला सांगायचं?

भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १४



आजचा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. बाराव्या अध्यायात १३व्या श्लोकापासून शेवटपर्यंत भगवंत आपल्याला प्रिय असणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगतात. त्यातलं आजचं लक्षण म्हणजे 'संतुष्ट'. आणि त्याला लागूनच शब्द आला आहे, 'सतत'. म्हणजे बोनस जमा झाला, शुक्रवारची संध्याकाळ झाली, म्हणून दोन दिवस बरं वाटलं, एवढ्यावर भागत नाही. सोमवारी सकाळी, स्टँडअप मीटिंगच्या पाच मिनिटं आधीसुद्धा टिकेल असं समाधान.

ते कसं साधायचं यावर मी गेल्या वर्षी बरीच खटपट केली. इंजिनीअर माणूस, त्यामुळे आधी सवयींची यादी केली. उठल्यावर पहिली दहा मिनिटं फोन नाही. आंघोळ झाली की हरिपाठ. जेवताना स्क्रीन नाही. ऑनलाइन काही घ्यावंसं वाटलं तर आठ दिवस थांबायचं. आणि रोज सकाळी एका वहीत तीन ओळी लिहायच्या, आज कशाबद्दल समाधान वाटतंय त्याच्या.

खरं सांगतो, या सवयींनी फरक पडला. आठ दिवस थांबलं की निम्म्या वस्तू आपोआप नकोशा होतात. जेवताना फोन बाजूला ठेवला तर भाजीत आज मेथी होती की पालक, हे तरी कळतं. सवयी साध्या होत्या, म्हणून टिकल्या. दोन-तीन महिन्यांत मला वाटायला लागलं, जमलं बुवा आपल्याला.

आणि मग एक दिवस पोळ्या करणाऱ्या मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"दादा, या महिन्यापासून तीनशे वाढवून द्या ना. दोन वर्षं झाली. खोलीचं भाडं वाढलंय."

मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. "बघतो मावशी, घरात बोलून सांगतो," म्हणालो. तोंडाने एवढंच. पण मनात जे आलं ते लिहायला आजही लाज वाटते. मनात आलं, कितीही द्या, लोकांना समाधानच नाही.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. टेबलावरची माझी वही उघडीच पडली होती, ती तिने माझ्याकडे सरकवली. त्या दिवशीची तिसरी ओळ होती, 'घरी रोज गरम पोळ्या मिळतात.'

"तुझं समाधान मावशींच्या पोळ्यांवर," ती म्हणाली, "आणि मावशींचं कशावर?"

त्या रात्री मी हिशोब मांडला. मावशींना आम्ही महिन्याला २,२०० रुपये देत होतो, वर्षाचे २६,४००. दोन महिन्यांपूर्वी माझं अप्रेझल झालं होतं. वाढ मिळाली, पण अपेक्षेपेक्षा कमी. आमच्याच बॅचचा एक जण दुसरीकडे किती घेतो ते मला ठाऊक होतं. मी आठवडाभर घरात धुमसत होतो. ज्या फरकासाठी मी धुमसत होतो, तो मावशींच्या वर्षाच्या पैशांहून मोठा होता. त्या आठवड्यातही मी रोज वहीत तीन ओळी लिहिल्या होत्या. स्वतःची तक्रार मला 'न्याय' वाटत होती आणि मावशींचं मागणं 'असमाधान'.

म्हणून आजच्या श्लोकाकडे मी परत एकदा गेलो, आणि या वेळी आधीच्या श्लोकापासून वाचला. गीतेत 'संतुष्ट' हे पहिलं लक्षण नाही. यादी सुरू होते ती कोणाही प्राण्याचा द्वेष न करण्यापासून. मग मैत्री. मग करुणा. त्यानंतर ममत्व आणि अहंकार सोडणं, सुखदुःखात सारखं राहणं, क्षमा. एवढं सगळं झाल्यावर १४व्या श्लोकात समाधान येतं. या क्रमातून मला जे दिसलं ते असं : करुणा ओलांडून समाधानाकडे जाणारा शॉर्टकट नाही. मी नेमका तोच शोधला होता. माझ्या सगळ्या सवयी माझ्यापुरत्या होत्या. त्यांनी माझं मन शांत केलं, आणि त्या शांततेत दुसऱ्याची गरज म्हणजे मला व्यत्यय वाटायला लागली.

समाधान हे औषध आहे, पण ते फक्त स्वतःला द्यायचं. दुसऱ्याच्या गरजेपुढे उभं राहून त्याला समाधान शिकवणं म्हणजे आपला कंजूषपणा सात्त्विक कपड्यांत गुंडाळणं. आपण हे किती सहज करतो! घरात राबून थकलेल्या आईला म्हणतो, "तू चिंताच फार करतेस." सलग तिसऱ्या वीकेंडला काम करणाऱ्या ज्युनिअरला ऐकवतो, "फळाची अपेक्षा नको." गीतेतला तो उपदेश अर्जुनाने स्वतःसाठी ऐकला होता. मॅनेजरने टीमवर टाकायला तो नाही.

इथे मला तुकोबांची हकीकत आठवते. आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. घरी सावकारी होती, मग दुष्काळ पडला. पुढे तुकोबांचं मन विठ्ठलाकडे वळलं तेव्हा त्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. पण या गोष्टीतला एक तपशील आपल्या लक्षात राहत नाही. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची अर्धी त्याला देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली.

या गोष्टीत दोन्ही बाजू आहेत बघा. तुकोबांच्या समाधानामुळे कर्जदारांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आणि ते समाधान त्यांनी भावावर लादलं नाही. 'मला नको, म्हणजे तुलाही नको' असं ते म्हणाले नाहीत. खऱ्या समाधानाची खूण मला इथे सापडते. ते आपली मूठ सैल करतं आणि दुसऱ्याच्या मुठीत डोकावत नाही.

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल, मग आम्ही पगारवाढ मागायचीच नाही का? मागा की! आजच्या श्लोकात 'संतुष्ट' पाठोपाठ 'दृढनिश्चय' हाही शब्द आहे. भगवंतांना ढिला, सगळं चालवून घेणारा भक्त अभिप्रेत नाही. ज्याला हे सांगितलं तो रणांगणावर उभा होता. मागण्याआधी मी मात्र आता स्वतःला एक प्रश्न विचारतो. हे माझं देणं आहे, माझी गरज आहे, की शेजारच्याशी तुलना? देणं असेल तर स्पष्ट मागावं. गरज असेल तरीही मागावं, त्यात लाज नाही. तुलना असेल तर तिला कितीही खायला घाला, तिचं पोट भरत नाही. माझ्या अप्रेझलचं दुखणं नव्वद टक्के तुलनेचं होतं. मावशींचं मागणं देणं आणि गरज, दोन्ही होतं.

आम्ही मावशींना ५०० वाढवून दिले. मी सकाळी मुद्दाम थांबून सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बरं दादा. कणीक संपत आलीये, उद्या आणून ठेवा." आणि पोळपाट घेऊन वळल्या.

मी तिथेच उभा! आतून कोणीतरी वाट बघत होतं, की मावशी आता म्हणतील, देव तुमचं भलं करो. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. आणि का म्हणाव्यात? दोन वर्षं थकलेलं देणं दिल्यावर आभार कसले? बाराव्या अध्यायात 'संतुष्ट' हा शब्द पुन्हा एकदा येतो, १९व्या श्लोकात. तिथे त्याच्या आधी निंदा आणि स्तुती सारखी मानायला सांगितलंय. तो श्लोक मला त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात समजला. साधला, असं म्हणणार नाही.

सवयी मी सोडल्या नाहीत. फोन अजूनही सकाळी दहा मिनिटं दूर असतो, हरिपाठ चालू आहे. वहीत मात्र एक बदल केला. पानाच्या मधोमध एक रेघ मारली. डावीकडे पूर्वीसारखंच, आज कशाबद्दल समाधान. उजवीकडे, ते कोणामुळे, आणि त्यांचं माझ्याकडे काही देणं आहे का. देणं म्हणजे पैसेच असं नाही. कधी फोन असतो, कधी रजा मंजूर करणं असतं, कधी नुसतं नाव घेऊन हाक मारणं. डावा रकाना अर्ध्या मिनिटात भरतो. उजव्यापाशी पेन थांबतं. साधना तिथे सुरू होते असं मला वाटतं.

मध्यंतरी कामाच्या गडबडीत चार दिवस वही राहिली. पूर्वी मी अशा वेळी स्ट्रीक तुटली म्हणून चिडायचो, म्हणजे समाधानाच्या सवयीनेच असमाधानी व्हायचो! या वेळी पाचव्या दिवशी पान उलटलं आणि लिहायला लागलो.

शेवटी माउलींकडे येऊ. ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर त्यांनी देवाकडे मागितलं ते पसायदान. त्यांच्यापेक्षा समाधानी कोण असणार? तरी जगाने आहे त्यात भागवावं असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही. उलट प्राणिमात्रांच्या इच्छा पुऱ्या व्हाव्यात, असंच मागितलं. आणि अगदी शेवटी ज्ञानदेव सुखी झाल्याचं येतं. ते कधी? सगळ्यांसाठी मागितलेलं दान मिळेल असं आश्वासन आल्यावर. सगळ्यांचं आधी, आपलं सुख शेवटी.

आजचा छोटा संकल्प : आज रात्री झोपण्याआधी एकच ओळ लिहा, आज बरं कशामुळे वाटलं. त्यापुढे त्या माणसाचं नाव लिहा. आणि त्याचं काही देणं राहिलं असेल, तर उद्या दुपारच्या आत देऊन टाका. आभाराची वाट न बघता.

राम कृष्ण हरी.