रस्त्यांतील स्त्री आणि आपली नीति

आपल्या आळींत सायंकाळीं कोणी स्त्री गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी राहूं लागली कीं, आपणां पांढरपेशांच्या मनांत पहिला विचार येतो तो पोलिसांत अर्ज देण्याचा. सातारा-सांगलीकडील गृहस्थ यास अपवाद नाहींत. घरांत वाढत्या वयाचीं मुलें असतां असें वाटणें स्वाभाविक आहे. त्यास ढोंग म्हणून हिणवणें आम्हांस रुचत नाहीं. पण या अर्जाच्या पोटीं नीतीची चाड असते, कीं केवळ दृष्टिआड सृष्टि करण्याची इच्छा, हें तपासून पाहिलें पाहिजे.

कायद्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. १९५६ च्या अधिनियमानें देहविक्रय हा स्वतः गुन्हा ठरविलेला नाहीं. कुंटणखाना चालविणें वा अशा स्त्रीच्या कमाईवर जगणें हा गुन्हा आहे. परंतु देऊळ, शाळा वा इस्पितळ यांपासून दोनशें मीटरांच्या आंत तेंच कृत्य गुन्हा होतें, आणि रस्त्यांत गिऱ्हाइकास खुणावणाऱ्या स्त्रीस पहिल्याच खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. कलम २० अन्वयें मॅजिस्ट्रेटास तिला हद्दीबाहेरही घालवितां येतें. कानपूरच्या खटल्यांत १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम वैध ठरविलें. म्हणजे दंड कृत्यास नव्हे, दिसण्यास! बरें, एका गांवानें घालविलेली बाई दुसऱ्या गांवच्या वेशींत उभी राहिली, तर नीतीची भर कोठें पडली?

दुसरा मार्ग सुटकेचा. अल्पवयी मुलीस सोडविणें हें सरकारचें कर्तव्यच होय. तेथें वाद नाहीं. अडचण सज्ञान स्त्रीची आहे. मे २००५ मध्यें सांगलीच्या गोकुळनगरावर धाड पडली, तेव्हां तेथील बायांनींच चालविलेल्या वेश्या अन्याय मुक्ति परिषदेनें तिचा निषेध केला. पुढें सप्टेंबर २०२० मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सुधारगृहांत ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींस, इच्छेविरुद्ध डांबतां येत नाहीं म्हणून, मुक्त केलें.

यावर कोणी म्हणेल, दारिद्र्यानें दिलेली संमति ती कसली संमति? आक्षेप खरा आहे. पण आमच्याकडे ऊसतोडीस येणारा मजूरही हौसेनें येत नाहीं. त्यास मात्र कोणी उद्धारासाठीं कोंडीत नाहीं.

आळींतील शिवीगाळ व मारामारी यांविरुद्ध अर्ज अवश्य द्यावा. मात्र त्यांत गिऱ्हाइकाचेंही नांव घालावें. ७ व्या कलमांत शिक्षा त्यासही आहे, आणि कित्येकदां तो ओळखीचाच निघतो.