पत्राखालचं नाव

'पत्र कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात लिहावे. सोबत पूर्ण नाव व पत्ता द्यावा.' वाचकांच्या पत्रांखाली अशी सूचना वर्षानुवर्षं छापून यायची. विनंती केली तर नाव छापत नसत, पण संपादकाला ते ठाऊक हवं, हा दंडक. आता पत्रं ईमेलने जातात आणि 'एक त्रस्त नागरिक' मात्र अजून लिहितोच आहे.

नाव झाकणं म्हणजे भ्याडपणा, असं सरसकट म्हणता येत नाही. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांनी शंभरावर पत्रं लिहिली, ती 'लोकहितवादी' या नावाने. वय पंचविशीचं, नोकरी सरकारी आणि आसूड ओढायचे ते आपल्याच ज्ञातीवर!

रखमाबाईंनी तर याहून मोठी जोखीम पत्करली. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांविरुद्ध त्यांची पत्रं आली. खाली सही 'एक हिंदू स्त्री' एवढीच. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला यावं म्हणून नवऱ्याने कोर्टात दावा लावलेला. पत्रात नाव नव्हतं, पण स्वतःच्या आयुष्याची झालेली माती होती. पुढे १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. तिथे टोपणनावाचा आडोसा नव्हता.

आपल्याकडच्या निनावी पत्रांत बहुधा उलटा प्रकार असतो. लिहिणारा अदृश्य, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव मात्र फ्लॅट नंबरासकट. पैसे खाल्ल्याचा आरोप असतो, पण पावती नाही, तारीख नाही. कारखान्यातला गैरप्रकार उघडकीला आणणाऱ्या कामगाराचं नाव झाकलंच पाहिजे. त्याच्या पोटावर पाय येईल. सोसायटीतल्या भांडणात असं काय जाणार असतं? फार तर लिफ्टमध्ये कोणी बोलायचं नाही.

असं पत्र पाठवण्याआधी समोरच्याचं नाव खोडून ते पुन्हा वाचून पाहावं. टाकी कधीपासून धुतलेली नाही, कोणत्या वर्षाचा हिशेब सभेपुढे आलेला नाही, एवढं जरी शिल्लक राहिलं तरी खुशाल पाठवावं, आणि स्वतःच्या सहीनिशी. पुष्कळदा 'आपला विश्वासू'खेरीज काही राहत नाही.