आकडा कुठाय?

इंदूरमध्ये कोविडच्या तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली, त्यानंतर तीन आठवड्यांनी, 22 एप्रिल 2020 रोजी, केंद्राने अध्यादेश काढला. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी केलेल्या 1897 च्या साथरोग कायद्याला दात बसवले गेले. आरोग्य कर्मचाऱ्यावर हात टाकला तर पाच वर्षांपर्यंत कैद, गंभीर इजा केली तर सात. हे व्हायलाच हवं होतं. पण हा कायदा रुग्णाच्या नातेवाइकाला दिसतो, शेजाऱ्याला दिसतो. घर खाली करायला लावणारा घरमालकही त्यात सापडतो. ऑफिसातल्या वरिष्ठाच्या खुर्चीपाशी आला की तो थबकतो.

कोविड वॉर्डात किट एकदा चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. पाळी चालू असली तरी तेच. गॉगल आतून घामाने धुरकटलेला, दोन-दोन हातमोजे, आणि त्यात म्हाताऱ्या माणसाची शीर शोधायची. एवढं करून बाहेर आलेल्या सिस्टरने मास्क मागितला की ‘कालच दिला ना?’ रजा मागितली की ‘नाटकं करू नका, जमत नसेल तर राजीनामा ठेवा’, तेही चार जणांदेखत. कोविड ड्युटी कुणाला किती, हे रोस्टर बघितलं तरी कळायचं. कंत्राटी आणि ज्यांची वर ओळख नाही, त्यांची नावं फिरून फिरून तिथेच. मेमो निघायचे तेही त्यांच्याच नावाने.

आशाताईंची, म्हणजे आशा स्वयंसेविकांची, गोष्ट याहून वेगळी नाही. थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरायचं, लोकांनी दार लावून घ्यायचं आणि रात्री दहाला ग्रुपवर मेसेज: आकडा कुठाय? हे विचारणाऱ्यालाही वरून कुणी तरी तेच विचारत असतं, हे मला मान्य आहे. जिल्ह्याच्या व्हीसीत साहेबांना फैलावर घेतलं जात होतं. पण वरून आलेला अपमान खाली तसाच सोडायचा की आपल्यापाशी थांबवायचा, एवढं तर प्रत्येक खुर्चीच्या हातात असतं. काहींनी थांबवला. ज्यांच्या हाताखाली काम करायला मिळालं म्हणून ते दिवस निभावले, असे वरिष्ठही होते.

मग निघाल्या हेल्पलाइन. त्या हव्यातच. झोप उडणं, छातीत धडधडणं, जगणं नकोसं होणं ही आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही. मला खटकतं ते वेगळंच. सकाळी मेमो देणाऱ्याच व्यवस्थेने दुपारी ताणतणावाचं वेबिनार ठेवायचं आणि दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचं! अन्याय एकाने करायचा आणि केसपेपर दुसऱ्याच्या नावाने काढायचा, असा हा प्रकार आहे. सिस्टरचं मन नाजूक होतं, अशी नोंद झाली की रोस्टर कुणी लावलं हे विचारायचं कारणच उरत नाही.

दाद मागायची तर कुठे? लैंगिक छळासाठी 2013 च्या कायद्याने समिती आहे. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, पण तो विद्यार्थ्यांपुरता. रोजच्या पाणउताऱ्याची, मुद्दाम लावलेल्या ड्युटीची तक्रार बहुधा त्याच खुर्चीकडे करायची, जिच्याविरुद्ध ती आहे.

जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या जवळपास 70 हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा ऐन साथीत काम बंद म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. आदल्या वर्षी मार्चमध्ये याच लोकांनी गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या. बायकांचं मागणं साधं होतं: कामाचे पैसे द्या, नुसतं स्वयंसेविका म्हणून राबवू नका. आठवडाभराने सरकारने महिन्याला 1,000 रुपये मानधनवाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मान्य केला. रात्री दहानंतर आकडा मागायचा नाही, हे मात्र अजून कुणी कुठल्याच जीआरमध्ये लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. त्याला तर पैसाही लागत नाही.