आजोबांची गरिबी

स्विस माणसाच्या पासपोर्टवर त्याचं जन्मगाव नसतं, घराण्याचं मूळ गाव असतं. पणजोबांनंतर तिथे कुणी पाऊल ठेवलं नसलं, तरी नागरिकत्वाची नोंद त्या गावची. चार पिढ्या मुंबईत काढलेला माणूस ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारल्यावर गुहागर किंवा पाटण सांगतो, ते आपल्याला नवीन नाही. तिथे मात्र या नात्याला कायद्याचं बळ होतं. माणूस कंगाल झाला, तर त्याला पोसायची जबाबदारी त्याच्या मूळ गावाची. ऐकताना ही मोठी माणुसकीची व्यवस्था वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच व्यवस्थेने गरिबांना देशाबाहेर ढकललं. वर्षानुवर्षं एखाद्या कुटुंबाला पोसण्यापेक्षा त्याचं अमेरिकेचं भाडं एकदाच भरून टाकणं गावाला स्वस्त पडे. आरगाउ प्रांतातल्या आजच्या रोथ्रिस्ट गावाने १८५५ साली आपली ३०५ माणसं अशीच अमेरिकेला रवाना केली.

अमेरिकेतल्या स्विस आजोबांची गोष्ट मी इथून सुरू करतो आहे, कारण त्यांच्या घरात ती सहसा इथून सुरू होत नाही. तिथे ती धाडसापासून सुरू होते.

ग्लारुस या डोंगराळ प्रांताचं उदाहरण घेऊ. इथले कारागीर सुती कापडावर हिंदुस्थानी छिटांच्या वळणाची छपाई करत आणि ते कापड पूर्वेकडे विकलं जाई. यंत्रमाग आले, हातमागावरची घरं बसली. शेतजमीन मुळातच थोडी, त्यात १८४०च्या दशकात बटाट्यावर रोग पडला. शेवटी माणसं बाहेर पाठवण्यासाठी रीतसर संस्था स्थापन झाली. तिने निकोलस ड्युर्स्ट आणि फ्रिडोलिन स्ट्राइफ या दोघांना जमीन शोधायला पुढे धाडलं. त्यांनी विस्कॉन्सिनच्या ग्रीन काउंटीत १,२८० एकर जमीन घेतली. १६ एप्रिल १८४५ रोजी १९३ माणसं ग्लारुसहून निघाली. ऑगस्टमध्ये ठिकाणावर पोचली १०८. काही वाटेत दगावली, काही मिळेल त्या कामावर मधेच थांबली. उरलेल्यांनी चिठ्ठ्या टाकून वीस-वीस एकरांचे तुकडे वाटून घेतले आणि वस्तीला नाव दिलं न्यू ग्लॅरस.

ती जमीन ओसाड पडलेली नव्हती. तिथे हो-चंक हे आदिवासी लोक राहत होते. १८२९ ते १८३७ या काळातल्या करारांनी त्यांच्याकडून दक्षिण विस्कॉन्सिन काढून घेतलं गेलं, म्हणून तर ते विकायला निघालं. एका बेदखल झालेल्या माणसाला दुसऱ्याला बेदखल केलेल्या जागी घर मिळालं. स्विस आजोबांवर कितीही जीव असला, तरी हे वाक्य त्यांच्या गोष्टीतून गाळता येत नाही.

आधी त्यांनी गहू पेरला. जमिनीचा कस गेला, पिकावर किडी पडल्या, तेव्हा ही माणसं गाईंकडे वळली. १८६८ साली निकोलस गर्बरने शेजारपाजारच्या शेतकऱ्यांचं दूध एकत्र करून लिंबर्गर चीजचा कारखाना काढला. उग्र वासाचं हे चीज राईच्या पावावर कांद्याबरोबर खाणारे जर्मन कामगार अमेरिकेत भरपूर होते, त्यामुळे माल खपला. पुढे ग्रीन काउंटी चीजसाठी देशभर ओळखली जाऊ लागली आणि स्वित्झर्लंडमधून तरण्या मुलांचा ओघ सुरू झाला. १८८०च्या दशकात सुमारे ८२ हजार स्विस माणसं अमेरिकेत उतरली. त्यांत शेतकरी घरातले मुलगे बरेच होते. बर्न प्रांतातल्या एमेंटाल खोऱ्यात शेत धाकट्या मुलाकडे जाई. आपल्याकडे जमिनीच्या चिंध्या होतात, तिथे जमीन अखंड राही आणि थोरले भाऊ गडी म्हणून राबत, नाहीतर बोट पकडत.

चीज कारखान्यातलं या आजोबांचं काम नीट पाहायला हवं. सकाळी शेतकरी दूध घालून जात. ते मोठ्या तांब्याच्या कढईत ओतायचं, वासराच्या जठरापासून काढलेलं रेनेट घालून गोठवायचं, तारांच्या चौकटीने कापून गव्हाएवढे कण करायचे आणि मग सतत ढवळत तापवायचं. कण तयार झाले की नाही हे मुठीत दाबून कळे, घड्याळावर नव्हे. त्यानंतरचा क्षण सगळ्यात अवघड. कापडाची एक कड लवचिक पोलादी पट्टीला गुंडाळलेली, दुसरी आजोबांच्या दातांत. कढईवर ओणवं होऊन ती पट्टी तळाशी सरकवत सगळा गोळा कापडात घ्यायचा आणि कप्पीने वर ओढायचा. गोळा ऐंशी-नव्वद किलोंचा. पुढे तो दाबायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, तळघरात रोज पुसायचा, उलटायचा. गाय रविवार पाळत नाही, म्हणून हे आठवड्याचे सातही दिवस. पुष्कळांचं बिऱ्हाड कारखान्याच्याच माडीवर असे. आजी खाली येऊन कढया घासायची, तिचं नाव मात्र हिशेबाच्या वहीत नसायचं.

अशा माणसाला संध्याकाळी आपली कहाणी सांगायची ताकद कुठून असणार? मुलांनाही ती ऐकायची नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्याकडे अमेरिका संशयाने पाहू लागली. जर्मनीशी संबंध नसलेल्या स्विस माणसालाही मग आपली बोली घरातच ठेवावी लागली. मुलगे इंग्रजी शिकले आणि बापाचं बोलणं ऐकून लाजू लागले.

मार्कस ली हॅन्सन हा डॅनिश बाप आणि नॉर्वेजियन आईचा मुलगा. स्थलांतराच्या इतिहासाचा मोठा अभ्यासक. १९३७ साली इलिनॉयमधल्या रॉक आयलंड इथे केलेल्या भाषणात त्याने असं मांडलं की मुलगा जे विसरू पाहतो तेच नातू आठवू पाहतो. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, न्यू ग्लॅरसमध्ये विल्हेल्म टेल या स्विस लोकनायकाचं नाटक उघड्यावर सुरू झालं. ते आजही सप्टेंबरच्या आरंभी होतं. गावातली माणसं वेश चढवतात, गाई-शेळ्या रंगभूमीवर येतात. हॅन्सनचं म्हणणं इतक्या लवकर खरं ठरलेलं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

पण नातवाने काय आठवलं? मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने टिपणारा वीर. हे नाटक लिहिणारा शिलर जर्मन, तो स्वित्झर्लंडला कधी गेलाही नव्हता. त्या नाटकात भूक नाही, गावाने भरलेलं भाडं नाही. न्यू ग्लॅरसने लाकडी झोपडी आणि जुना चीज कारखाना संग्रहालयात जपला आहे, हे मी आदराने नोंदवतो. तरी गर्दी जमते ती टेलसाठी.

विसरणं तिकडे, मूळ देशातही झालं. ज्या गरिबांना बोटीवर चढवता आलं नाही त्यांची मुलं गावं दुसऱ्यांच्या शेतावर ठेवत. कित्येक ठिकाणी त्यांचा उलटा लिलाव होई, जो पोसायचे सर्वांत कमी पैसे मागेल त्याला मूल मिळे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही मुलं अशी ठेवली जात होती. सरकारने माफी मागितली २०१३ साली. दरम्यान देश श्रीमंत झाला आणि इटलीहून मजूर आले. हंगामी मजुराला कुटुंब आणायला मनाई होती, त्यामुळे मुलं खोलीत लपवून वाढवावी लागली. १९७० साली परदेशी माणसांचं प्रमाण दहा टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. तो फेटाळला गेला, पण ४६ टक्के मतदार त्याच्या बाजूने होते. त्यांतल्या किती घरांतले काका-आजोबा कधीतरी अमेरिकेच्या बोटीवर चढले असतील! आपल्या घरची गरिबी विसरलेल्या माणसाला दारात उभा असलेला गरीब ओळखू येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतल्या नातवांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेच्या १९२४च्या स्थलांतर कायद्याने छोट्याशा स्वित्झर्लंडला वर्षाला २,०८१ माणसांच्या जागा दिल्या. त्याच्या आदल्या वर्षी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला होता. आपल्याला १९४६ साली जागा मिळाल्या त्या वर्षाला शंभर. स्विस आजोबांचे कष्ट खरे होते. दार मात्र कष्टांमुळे उघडलं नव्हतं.

आपल्यासाठी ते दार १९६५च्या कायद्याने उघडलं. त्यातून गेलेले मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर आता आजोबा झाले आहेत आणि त्यांची नातवंडं न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये गणेशोत्सवात लेझीम खेळतात. त्या मुलांनी हौसेने आठवण धरली याचा मला आनंद आहे. आजोबा खिशात आठ डॉलर घेऊन आले, ही गोष्ट त्यांनी नक्की ऐकलेली असते. विमानाच्या तिकिटासाठी कुणाच्या बांगड्या गहाण पडल्या, कुणी जामीन राहिलं, मागे राहिलेल्या कोणत्या भावाचं शिक्षण थांबलं, हे फारसं सांगितलं जात नाही. वाचकांपैकी कुणी असे आजोबा असतील, तर त्यांना विनंती आहे: या दिवाळीत नातवंडांना त्या कर्जाचा आकडा सांगा, आणि ते कुणी फेडलं त्याचं नावही.