तळ्याकाठची सुट्टी आणि डोंगराची वाट

शास्त्रपाठ : मार्क ६:३०–५२



चंडीगढला समुद्र नाही. समुद्रकिनाऱ्याची हौस तेथील लोक सुखना तलावाच्या काठी भागवतात. शिवालिक डोंगरांतून येणाऱ्या पावसाळी ओढ्याला बांध घालून १९५८ साली हा तलाव निर्माण झाला. भाषांतराच्या कामानिमित्त मी त्या शहरी गेलो असता अखेरचे तीन दिवस विश्रांतीसाठी मिळाले. काठावर बसावे, होड्या पाहाव्यात, एवढाच माझा बेत होता. पहिल्या संध्याकाळी एका बाजूस साचलेला गाळ पाहून मी सहज म्हणालो, “लोक किती बेफिकीर असतात!” माझे यजमान शांतपणे म्हणाले, “गाळ इथला नाही, वरून येतो. उद्या डोंगर चढू या.” खरे सांगतो, सुट्टीतला एक दिवस गेला म्हणून मी मनात कुरकुरलो.

आपल्या शास्त्रपाठातही विश्रांतीच मोडली आहे. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून प्रभूने त्यांना एकांती नेले. पण लोकसमुदाय आधीच तेथे पोहोचला होता. गालीलातील त्या पाण्याला मत्तय, मार्क आणि योहान समुद्र म्हणतात, तर लूक सरोवर म्हणतो. भाषांतर करताना हा भेद जपावा लागतो. परंतु नाव कोणतेही असो, त्या पाण्याशेजारी डोंगर आहे आणि दिवस संपल्यावर प्रभू तो चढतो. तो प्रार्थनेला जातो, तरी पाण्यावरच्या माणसांपासून दूर जात नाही. शिष्य वाऱ्याशी झुंजत आहेत, हे तो पाहतो आणि त्यांच्याकडे येतो. प्रार्थनेने त्याची दृष्टी त्यांच्यावरून हटली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंचकुला जिल्ह्यातील सुखोमाजरी या गावी गेलो आणि त्यावरच्या टेकड्या चढलो. माती भुसभुशीत, उतार तीव्र. वाटेत यजमानांनी गावाची हकीकत सांगितली. १९७०च्या दशकात सुखना झपाट्याने गाळाने भरू लागला, तेव्हा मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा त्या गाळाचा माग काढीत येथवर आले. टेकड्या उघड्या पडल्या होत्या, कारण गावची गुरे व शेळ्या तेथेच चरत. पावसाच्या भरवशाची शेती पोट भरीत नव्हती. जनावरे सोडावीत तर खावे काय? गाळाच्या मुळाशी बेफिकिरी नव्हती, भूक होती.

१९७६ साली गावाशेजारी मातीचा छोटा बंधारा झाला आणि त्याचे पाणी शेतांना मिळू लागले. प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, पाण्याचा समान वाटा ठरला. मग गावकऱ्यांनी स्वतःच टेकड्यांवरची चराई थांबवली. तेथे तारेचे कुंपण नव्हते. एकमेकांना दिलेल्या शब्दाचे होते. गवत परतले, झाडे वाढली, तलावाकडे जाणारा गाळ कमी झाला. पुढे त्या व्यवस्थेतही ढिलाई आली, हेही खरे. एकदा डोंगर चढून भागत नाही. प्रभूसुद्धा पुन्हा पुन्हा चढला.

टेकडीवर उभा असताना आदल्या संध्याकाळचे माझे वाक्य मला आठवले आणि मान खाली गेली. प्रिय वाचका, तुझ्या मंडळीतही असा गाळ असेल. उपासनेला न येणारा शेजारी, चिडखोर झालेला तरुण, दानपेटीपुढे हात आखडणारी विधवा. काठावर बसून आपण त्यांना नाव ठेवतो. त्यांच्या घरची चढण आपण कधी चढलो आहोत काय? तेथे कर्ज असेल, आजार असेल, कोणाला न सांगितलेला अपमान असेल.

विश्रांती हे देवाचे दान आहे. ती नाकारू नका. पण सुट्टीतला एक दिवस त्या वाटेसाठी राखा. आधी प्रार्थनेत चढा, मग पायांनी चढा. आणि वरून जे दिसेल, त्यासाठी खाली उतरा, जसा तो वाऱ्यात सापडलेल्यांकडे उतरला.

प्रभो, काठावरून न्याय करणाऱ्या आमच्या जिभेला आवर घाल. आम्हांला तुझ्याबरोबर डोंगरावर ने, आणि तुझ्याबरोबरच खाली आण. आमेन.